पाहुण्यांपुढची साक्ष

"ही नेस," मॅडम म्हणाल्या अन् त्याईनं एक जुनी साडी माह्या हातात कोंबली.

मी पोपटी साडी नेसून आल्ती. नवऱ्यानं पुण्याहून आणलेली, दिवाळीची, एकदाच नेसलेली. कारंज्याले प्रार्थनेले जाचं म्हणून पेटीतून काढली होती. देवाच्या घरी जाताना माणूस चांगलंच नेसून जाते. मले तं तेवढंच समजत होतं.

"साडी छान आहे गं," मॅडम म्हणाल्या. "पण आज बाहेरचे पाहुणे आलेत. तू अशी नटून उभी राहिलीस तर साक्ष पटेल का कोणाला?"

आमची प्रार्थना मॅडमच्या बंगल्यातल्या हॉलमधी होते. त्या बंगल्याच्या मांगं एक खोली हाय. बादल्या, पोछे, फिनाईलचे डबे तथी ठेवतात. तथी उभी राहून मी पोपटी साडी सोडली अन् ते जुनेर गुंडाळलं. पदर दोन जागी फाटलेला. फिनाईलचा वास. कामवालीची साडी होती का फरशी पुसाची, देव जाणे. मॅडमनं दारातूनच पाह्यलं. "केस पण मोकळे सोड," म्हणाल्या. मी सोडले.

व माय! आता आठवलं तरी अंगाची आग होते. तवा काहून नाई म्हणलं नाई मी? जीभ होती ना तोंडात.

साक्ष म्हणजे काय ते सांगते. आमच्या सभेत रिवाज हाय. आईतवारी गाणी झाली, वचन वाचून झालं, का कोणीतरी उठून उभं राहाचं अन् प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघात सांगाचं. त्याले साक्ष म्हणतात. ऐकणारे मधीमधी आमेन म्हणतात. चांगला रिवाज हाय. मले लई आवडे.

त्या दिवशी हॉलमधी पाहुणे खुर्चीवर होते, आमी सतरंजीवर. सभा चालवणाऱ्या पाळकसाहेबानं माईक देल्ला. तीन दिवस शिकवलेलं मी घडाघडा बोलली. माहा नवरा दारू पिऊन मले मारे. माही माय करणी करे. माही पोट्टी तापानं फणफणली तं मायनं तिले दवाखान्यात नेऊ देल्लं नाई, मांत्रिकाच्या दारात टाकली, अन् पोट्टी गेली. मंग मले प्रभू भेटला.

पाहुण्याईनं डोळे पुसले. एका बाईनं येऊन माहे हात धरले, फोटो काढला. एक जण मोबाईल धरून उभाच होता पयल्यापासून. मॅडम खुश. "छान बोललीस," म्हणाल्या. मंग मांगच्या खोलीत जाऊन मी माही साडी नेसली अन् सगळ्याईच्या कपबशा धुतल्या.

माहा नवरा पुण्याले बांधकामावर जाते. चहा सोडून कशाले हात लावत नाई बिचारा. अर्ध्या घंट्यात त्याचा दारुडा केला मी. ते एक वेळ जाऊ द्या, तो हसून सोडून देईन. पण माय?

आमी कामरगावकडचे. गावाच्या बाहेर आमची मांगाची वस्ती. शिंदीची पानं आणाची, चिराची, वाळवाची, त्याचे फडे, म्हणजे झाडू, बांधाचे अन् बजारात नेऊन विकाचे. झाडाले, सारवल्या अंगणाले आमचाच फडा लागते लोकाईले. मायचा धंदा हा, मंग माहा झाला. नवरा बाहेर असते तं मी मायपाशीच राहते.

माही पोट्टी अडीच वर्षाची होती. चैतातली दुपार, अन् तिले ताप भरला. माय गावाच्या कडेच्या मरीआईच्या ओट्यावर गेली, लिंबू ठेवलं, हे खरं हाय. पण गेली तशी उलट्या पायी आली. पोट्टीले खांद्यावर टाकली अन् फाट्याकडे निघाली. वस्तीत गाडी नव्हती त्या वक्ती. चप्पल तुटली तं चप्पल फेकून देल्ली. मी तरणीताठी, मले तिच्या मांगं पळता येईना. फाट्यावर जीप भेटली. पयल्या दवाखान्यानं पाह्यलं अन् म्हणलं मोठ्या दवाखान्यात न्या. रस्त्यातच गेली माही पोट्टी, मायच्या मांडीवर. मायच्या तळपायाले हे एवढाले फोड आले होते. महिनाभर तिले धड चालता आलं नाई.

तिले मी माईकवर मारेकरीण केली.

पोट्टी गेल्यावर मी कोणाशी बोलतच नव्हती. बजारात फडे मांडून मुकी बसे. कारंज्याची एक म्हातारी सिस्टरबाई होती, दवाखान्यातून रिटायर झालेली. ते फडा घ्याले आली अन् माह्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "काय झालं बाई?" मी सांगितलं. ते पांढऱ्या साडीत माह्यापाशी खाली धुळीत बसली. गिऱ्हाइकं येऊन गेले, ते उठली नाई. उठताना एवढंच म्हणाली, "देवाशी बोलत जा. चांगलं बोलता येत नसेल तर भांड. पण बोल."

मी इचारलं, "मंत्र कोणता म्हणू?"

"मंत्र नाही गं. बापाशी बोलतात तसं बोल."

घ्या! माह्या बापाशी तं मी जन्मात कधी धड बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंगणात पानं चिरताना मी सुरू केलं. काहून नेली माही पोट्टी? तुले काय कमी होती? असं म्हणता म्हणता अशा शिव्या हासडल्या का माय घाबरून बाहेर आली.

"कोणाले बोलून राह्यली वं?"

"देवाले."

मायनं आजूबाजूले पाह्यलं. मंग म्हणाली, "बोल. पण हळू बोल, शेजारचे आयकते."

तवापासून रोज. पानं चिरता चिरता मी त्याच्याशी भांडे. उत्तर एकदाही आलं नाई. पण पोट्टी गेल्यावर माणसं माहं दुःख आयकाले येत अन् पाच मिनिटात उठून जात, तसा हा उठून जात नव्हता. मी थकून जाये, तो बसलेलाच. हळूहळू मी बाकीचंही सांगाले लागली. आज पान कडक हाय, बोट कापलं. आज नवऱ्याचा फोन आला. असंच, काहीबाही. सिस्टरबाईनं नवा करार देल्ला. मी चवथी पास, बोट ठेवून वाचो. येशू मेलेल्या दोस्तापायी रडला हे वाचलं अन् मी पुस्तक मिटून घेतलं, खूप येळ उघडलंच नाई. देव रडते, हे मले कोणी सांगितलंच नव्हतं.

सिस्टरबाईनंच मले सभेत नेलं. मंग ते लेकाकडे नागपूरले राहाले गेली.

सभेतली माही पयली साक्ष खरी होती. मी म्हणलं, माही पोट्टी मेली, मी देवाशी भांडते, अजून भांडण मिटलं नाई, पण तो मले सोडून गेला नाई. एवढंच. पाळकसाहेब नंतर म्हणाले, "बहिणी, यात विजय कुठं आहे? लोकांना विजय ऐकायचा असतो."

मंग मॅडमनं माही साक्ष हाती घेतली. हॉल त्याईच्या घरचा, बायाईचं काम त्याईच पाहत. त्याईनं साक्षीत नवऱ्याले दारू पाजली. मायले करणी शिकवली. मी म्हणलं, "मॅडम, माही माय असं नाई करत."

"लिंबू ठेवलं होतं ना? मग झालं तर," त्या म्हणाल्या. "देवासाठी थोडं वाढवून सांगितलं तर काय बिघडतं? तुझं नाव बाप्तिस्म्याच्या यादीत घालायचंय मला. साक्ष नीट नसेल तर कसं घालू?"

बाप्तिस्मा मले पाहिजे होता. खरंच सांगते, भुकेल्या माणसाले भाकर पाहिजे तसा पाहिजे होता. पाण्यात उतराचं अन् सगळ्यायपुढे सांगाचं का मी याची हाय. म्हणून मान हालवली. दुसरं कारण नाई अन् असलं तरी ते पुरत नाई.

अन् त्या साक्षीपासून माहं बोलणं बंद पडलं.

पानं घेऊन बसो. देवा, म्हणो. पुढं शब्दच नाई. पुन्हा म्हणो, देवा. मायचे पाय दिसत. उठून अंगण झाडो. पुन्हा बसो. पुन्हा उठो. झाडलेलंच झाडो. माय म्हणे, "काय वं, मुंग्या चावून राह्यल्या का?" करार उघडला तं अक्षरं नुसती डोळ्यापुढून जात. सभेत मातर मले आता पुढं बसवत. गाण्याले टाळ्या वाजवो अन् आतून जीव असा तळमळे का वाटे उठून पळत सुटावं. पण जाचं कुठी? ज्याच्याकडे जाचं, त्याच्याशीच बोलणं अडलेलं. पोट्टी मेली तवाही एवढी एकटी नव्हती मी.

असा महिना गेला. मंग एक दिवस शेजारची सून मोबाईल घेऊन आली. "मावशी, हे तुमचीच पोरगी ना?" म्हणे. मी घरात होती. माहा आवाज मलेच आयकू आला. बाहेर येईपर्यंत मायनं शेवटपर्यंत पाह्यलं होतं. शेजारची सून तोंड पाडून निघून गेली.

मायनं फडे बांधणं थांबवलं नाई. हातातला फडा बांधून झाला, दुसरा घेतला, तोही बांधला. मंग खाली पाहूनच म्हणाली,

"माह्या हातानं गेली का वं ते?"

"नाई वं माय. नाई."

"मंग तथी तसं काहून म्हणली?"

रागावली असती, फड्यानं झोडपली असती तं बरं झालं असतं. तिनं नुसतं इचारलं. अन् मले वाटलं, दोन वर्ष झाले, हे बाई मनातल्या मनात हेच इचारून राह्यली असन स्वतःले. मरीआईपाशी गेली ती पाच मिनिटं मोजत असन. अन् आता तिच्या पोरीनंच भर सभेत तिले उत्तर देल्लं.

मी घरामांगं गेली अन् महिन्यानं पयल्यांदा तोंड उघडलं. म्हणलं, तू तं तथीच होता ना? आयकून राह्यला होता ना? मंग मले थांबवलं काहून नाई? असं मोठ्यानं ओरडली, अन् माह्याच ध्यानात आलं. थांबवलं तं होतं त्यानं. महिनाभर माह्या तोंडातून एक शब्द त्याच्यापर्यंत जात नव्हता, ते दुसरं काय होतं? खोट्या साक्षीवर हा माणूस बोलाले तयार नाई. मॅडमले चालते, पाळकाले चालते, याले चालत नाई. मी रडली. पण जीव जाग्यावर आला.

पंधरा दिवसांनी पुन्हा पाहुणे आले. मॅडम ते जुनेर घेऊन मांगच्या खोलीच्या दारात उभ्या.

"नाई नेसत," मी म्हणलं.

"का? काय झालं?"

"माह्या अंगावर हाय ते चांगली हाय."

पाहुणे येऊन बसले होते, त्याईले जास्त बोलता आलं नाई. पाळकसाहेबानं नाव पुकारलं, माईक देल्ला. मी म्हणलं, "मागच्या टायमाले मी इथी खोटं बोलली. माह्या मायनं माही पोट्टी मारली नाई. मायनं तिले खांद्यावर घेऊन उन्हात अनवाणी नेली. माहा नवरा दारू पीत नाई. हे सगळं मले शिकवलं होतं अन् मी बोलली. देवाची मी माफी मांगतली हाय, तुमची मांगते."

पाळकसाहेबानं माईक काढून घेतला. "आपण गीत घेऊ या," म्हणाले. सतरंजीवरची एक बाई माहा पदर ओढून राह्यली होती, "बस वं, बस." पाहुण्याईले काय समजलं काय नाई, ते एकमेकाकडे पाहत होते.

मॅडमनं मले बाहेर नेलं. असा लाल चेहरा मी त्याईचा कधी पाह्यला नव्हता.

"गर्व शिरलाय तुझ्यात. सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस आम्हाला. पाळकांची माफी माग, नाहीतर यादीतून नाव काढते. अगं, आमच्याशिवाय देवापर्यंत पोचणार कशी तू? धड वाचता तरी येतं का तुला?"

मी म्हणलं, "मॅडम, तुमी भेटाच्या पयले तो मले भेटला. बजारात. धुळीत बसून."

माफी मी मांगली नाई. नाव कटलं. हे गेल्या महिन्यातलं.

वस्तीतल्या बाया म्हणतात, बरं झालं, सुटली त्या लोकाईतून. सुटली? मी काहून सुटू? देव काय मॅडमच्या बंगल्याचा भाडेकरू हाय, का बंगला सुटला म्हणजे तोही सुटला? आईतवारी मी त्याच सभेले जाते. जीप धरते, जाते, सतरंजीवर बसते. कोणी बोलत नाई. गाणी मले पाठ हायेत, मी म्हणते. माय अजून माह्याशी कामापुरतंच बोलते. ते तिचं बरोबर हाय. मी तिची माफी मांगली म्हणून लगेच सगळं गोड व्हावं, असं मीही म्हणत नाई.

त्याच्याशी मातर भांडण पुन्हा सुरू झालं हाय. पोट्टी काहून नेली, याचं उत्तर अजून त्यानं देल्लं नाई. मी इचारणं सोडलं नाई. अन् आमच्या दोघाईच्या मधात येऊन, काय बोलाचं, कसं रडाचं, हे मले आता कोणी शिकवाचं नाई. पाळकानं नाई, मॅडमनं नाई.

तो व्हिडिओ अजून फिरून राह्यला. म्हणून मी ठरवलं हाय. दर आईतवारी साक्षीची येळ आली का मी उभी राहीन अन् मायचं खरं सांगीन. माईक देणार नाई, माहीत हाय मले. नसला तं नसला. बजारात फडे विकून माहा आवाज तयार झालेला हाय, मांगच्या भिंतीपर्यंत जाते. बाप्तिस्मा मले अजून पाहिजे. पण माह्या मायचं नाव धुऊन निघाल्याबिगर मी पाण्यात पाय ठेवणार नाई.