चार अंडी आणि पीठ पेरलेली भाजी

माझी आतेबहीण अमेरिकेत राहते आणि दर वसंतात फॅमिली ग्रुपवर आमचा छळ मांडते. तिच्या अंगणात मिल्कवीड आहे, म्हणजे आपल्या रुईच्याच नात्यातलं झाड. कुठून कुठून उडत आलेली मोनार्क फुलपाखरं त्यावर अंडी घालतात, आणि ही बाई ती मोजून रोज फोटो टाकते. सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवते, दातओठ खात.

इंग्लंडात, आमच्या नॉटिंगहॅमला कुठला आलाय मोनार्क! इथे ऑरेंज टिप नावाचं फुलपाखरू असतं. मग मीही हट्टाने त्याची अंडी मोजायच्या सर्व्हेत नाव दिलं आणि मागच्या कुंपणाशी गार्लिक मस्टर्ड वाढवलं. लोक ते तण म्हणून उपटतात, पण ऑरेंज टिप त्यावर अंडी घालतं. दोन वर्षं एक अंडं दिसेल तर शपथ! या एप्रिलमध्ये मात्र कळ्यांच्या देठांवर चार दिसली, खसखशीएवढी, केशरी. शनिवारी फोटो काढून आकडा पाठवू, असं ठरवून मी शुक्रवारी ऑफिसला गेले.

संध्याकाळी परत आले तर घरभर फोडणीचा वास, आणि कुंपणाशी नुसते खुंट.

पुण्याहून आलेल्या सासूबाई कढईशी उभ्या होत्या. चूक माझीच. पहिल्याच दिवशी मीच पान चुरगळून त्यांच्या नाकाशी धरलं होतं, "बघा आई, लसणाचा वास! इथे खातात हे."

"अहो आई, माझी अंडी!" मी किंचाळले.

त्यांचा कालथा हवेतच थांबला. ऑम्लेटच्या तव्याला जन्मात हात न लावलेली बाई ती. "अंडी? माझ्या कढईत?"

मी फुलपाखरू सांगितलं, दोन वर्षं सांगितली, आणि सांगता सांगता मला रडूच फुटलं. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही, आणि इथे तणासाठी मुसमुसत होते.

"ती होय!" त्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पारा चढला. "ती टाकली मी. पन्नास वर्षं पालेभाजी निवडतेय. माझ्या भाजीत कधी अळी गेली नाही, अंडं जाईल?"

कचऱ्याचा डबा मी फरशीवर उपडा केला. चहाचा चोथा, केळ्याची सालं, आणि त्यात वर्तमानपत्राची एक नीट दुमडलेली पुडी. आत देठ. सासूबाई चष्मा न लावता एकेकावर बोट ठेवत गेल्या. नऊ.

"मला चारच दिसली होती," मी म्हणाले.

"दिसतील कशी? तू मेथी पिशवीतून आयती निवडलेली आणतेस."

देठ ग्लासात उभे केले आणि फोटो ग्रुपवर टाकला. ग्लासात का, असं आतेबहिणीने विचारलं. मी फोन बाजूला ठेवला.

मग पानं वाढली. पीठ पेरलेली ती भाजी ताटात आली आणि फोडणीतल्या प्रत्येक मोहरीकडे मी संशयाने बघत बसले. "आई, नक्की नऊच होती ना?"

त्यांनी पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला आणि शांतपणे चावून गिळला.

"तू निवडली असतीस," त्या म्हणाल्या, "तर मी आज उपाशी झोपले असते."