धाकट्या जावेची शाळा

लग्न होऊन महाळुंगे पडवळला आले तेव्हा त्या घरात नोकरी करणारी मी पहिलीच बाई. डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले होते. सोयरीक जुळतानाच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "नोकरी सोडायची न्हाई. आमाला मास्तरीणच पायजे."

शाळा गावापासून आत, एका वस्तीवर. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. सकाळी भाकरी थापून, डबा घेऊन मी निघाले की सासूबाई ओट्यावर उभ्या राहायच्या आणि रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगायच्या, "सून हाय माझी. शाळंवर चाललीय." हळदीकुंकवाला गेले तर बायका सरकून जागा द्यायच्या. मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

पाच-सहा वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न झालं. तो भोसरीला कंपनीत होता. बायको पुण्याचीच, तीही शिक्षिका. एका निवृत्त प्राध्यापक बाईंनी भाड्याच्या बंगल्यात नवीन प्राथमिक शाळा काढली होती, तिथं ती शिकवायची. मोठ्यानं हसायची आणि कुठंही खाली मांडी घालून बसायची. मला ताई म्हणायची. पहिल्यांदा गावच्या यात्रेला आली तेव्हा शाळा सकाळची होती. म्हणाली, "ताई, मी येऊ तुमच्या शाळेत?"

आली आणि पोरांच्या रांगेत शेवटी बसली. त्या दिवशी मी अंगणात नकाशा काढणार होते. हे माझं मीच शोधून काढलेलं होतं. डालडाच्या डब्यात चुलीतली राख भरून आणायची आणि मुलांना विचारत विचारत अख्खी वस्ती जमिनीवर काढायची. विहीर कुठं, चिंच कुठं, मेंढरांचा वाडा कुठं, ओढा कुठून वळतो. मग मुलांनी त्यावरून चालत सांगायचं, मी घरून निघालो, डावीकडं वळलो, विहिरीपाशी आलो. ज्याला पुस्तकातलं एक अक्षर येत नव्हतं तोही या नकाशावर बोलायचा. धाकटी उठून मुलांबरोबर त्या राखेवरून चालली. घरी आल्यावर सासूबाईंना म्हणाली, "आई, ताई फार भारी शिकवतात." सासूबाई म्हणाल्या, "मला काय सांगतीस!"

दोनेक वर्षांनी दीर सांगत आला की तिला त्या शाळेची मुख्याध्यापिका केलं. शाळा काढणाऱ्या त्या मोठ्या बाई आणि ती, दोघींनी मिळून शाळा चालवायची. तोवर शाळेला स्वतःची इमारत झाली होती. प्रत्येक वर्ग वर्षभर एका देशाचा अभ्यास करायचा. सकाळी प्रार्थनेनंतर मुलं वेगवेगळ्या भाषांत नमस्कार म्हणायची. जपानहून, स्वीडनहून शिक्षक बघायला यायचे. सासूबाईंना जपान कुठं आहे ते ठाऊक नव्हतं, पण मंचरच्या बाजारात त्या भाजीवालीला सांगू लागल्या, "आमची धाकली लई मोठ्या शाळंची हेडबाई हाय. परदेशातली मानसं येत्यात तिच्याकडं." भाजीवालीनं माझ्याकडं बघून विचारलं, "आन ही?"

"ही थोरली," सासूबाई म्हणाल्या.

नुसती थोरली. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती, म्हणजे माझ्याच वर्गात. शाळेत ती मला इतर मुलांसारखी 'बाई' म्हणायची. मीच तसं शिकवलं होतं. कुणी म्हणायला नको की बाई लेकीला झुकतं माप देतात. तिनं हात वर केला तरी मी आधी दुसऱ्याला विचारायची.

त्या हिवाळ्यात धाकटीनं कळवलं की ती तिसरीची मुलं एक दिवसासाठी गावाला आणतेय. शेत बघतील, तुमची शाळा बघतील. मी मनाशी ठरवलं, आता दाखवतेच. आठवडाभर पोरांकडून पाढे घोटून घेतले, कविता घोटून घेतल्या. गुरुजी म्हणाले, "बाई, साहेब येणार हायेत का काय?" मी म्हटलं, "साहेबांच्या वरचं येतंय."

बस आली. मुलं उतरली. आमच्या पोरांनी एका सुरात पाढे म्हटले, एकही चूक नाही. पुण्याच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग धाकटी अंगणात मातीतच बसली आणि म्हणाली, "आता सगळे गोल करूया, मिसळून." गोल झाला. एकेका मुलानं जपानी, स्वाहिली, कानडी अशा भाषांत नमस्कार केला आणि शेजारच्याला शिकवला. माझी पोरं आधी लाजली, मग खिदळायला लागली. मेंढरं राखणाऱ्या घरातली एक पोर, वर्षभर माझ्याशी मान वर करून बोलली नव्हती. ती उठून म्हणाली, "आमी मेंढराला हाक मारतो ती भाषा सांगू का?" आणि तिनं जीभ टाळूला लावून असा आवाज काढला की मागच्या शेतातली मेंढरं खरोखर माना वर करून बघू लागली. सगळं अंगण हसलं. धाकटीनं तिच्याकडून तो आवाज तीनदा म्हणवून घेतला.

मी बाजूला उभी होते, हातात छडी घेऊन. मारायची नव्हे, फळ्यावर दाखवायची, पण हातात होती. माझी मुलगी उठली, गोल ओलांडून गेली आणि काकीला चिकटून बसली.

रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, मला काकीच्या शाळेत जायचंय."

मी म्हटलं, "तुझी शाळा काय वाईट आहे?"

"वाईट न्हाई. पण मला तिथं जायचंय."

यांनी ताटातून मान वर न करता म्हटलं, "जाऊ दे की. घरचीच तर शाळा हाय." सासूबाई तर आनंदानं रडायच्याच बाकी होत्या. दिराला मूलबाळ झालं नव्हतं अजून, खोली मोकळी होती. मी सोडून सगळ्यांचं जमलं. मी नाही म्हटलं असतं तर कारण काय सांगणार होते? वस्तीवरच्या प्रत्येक पोराला वाचायला मी शिकवलं, आणि लेकीनं पुढचं शिकायला दुसरी बाई निवडली, हे कुणाला सांगायचं?

जूनमध्ये ती गेली. तिसरीत ती तशीही गुरुजींकडं बसली असती, तरी हजेरी घेताना दुसरीच्या पोरांची नावं संपली की माझी जीभ सवयीनं एक नाव जास्त घ्यायला जायची.

त्याच वर्षी त्यांच्या शाळेत एक जत्रा भरली, जगाची जत्रा म्हणून. आम्ही घरचे सगळे गेलो. फाटकातून आत शिरले आणि थबकले. पटांगणभर जमिनीवर नकाशा काढलेला. पांढऱ्या रंगानं आखलेला, अख्ख्या जगाचा. मुलं पाहुण्यांना हाताला धरून त्यावरून चालवत होती. आम्ही पुण्याहून निघालो, समुद्र ओलांडला, आता आफ्रिकेत आलो. दोन परदेशी बायका कॅमेरा घेऊन उभ्या होत्या आणि धाकटी त्यांना इंग्रजीत समजावत होती, मूल आधी आपलं घर काढतं, मग गल्ली, मग गाव, असं करत जगापर्यंत जातं. मला तेवढं इंग्रजी कळत होतं. माझं नाव कुठं येतंय का म्हणून मी कान देऊन ऐकलं. आलं नाही.

त्यातल्या एकीनं माझ्या मुलीला विचारलं, तुझी आई काय करते? मुलगी सहज म्हणाली, तीपण टीचर आहे, पण छोट्या शाळेत.

संध्याकाळी दिराच्या घरी, चहा गाळताना मी विषय काढलाच. "तो नकाशा माझा आहे."

"आहेच की, ताई."

"मग त्या बायकांना का नाही सांगितलंस?"

ती गडबडली. "राहून गेलं, ताई. गर्दी होती."

"नकाशा राहिला नाही बरा गर्दीत."

तिनं कप ओळीनं मांडले. मग खाली बघत म्हणाली, "राग मानू नका. तुमचा नकाशा ओढ्यापाशी संपायचा. पुढं आम्ही नेला, मी आणि मोठ्या बाईंनी."

"ओढ्यापर्यंत तरी मी आणला होता ना?"

"तुम्हीच आणला होतात," ती म्हणाली आणि कप उचलून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी निघताना मोठ्या बाई स्वतः भेटायला आल्या. धाकटीनं त्यांना रात्रीतून सांगितलं असणार. म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडे शिकवायला या. जागा आहे." धाकटी मागं उभी राहून माझ्याकडं आशेनं बघत होती. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. घरी विचारलंच नाही. तिच्या हाताखाली काम करणं मला जमणारं नव्हतं.

पण ओढ्यापाशी संपायचा हे वाक्य मला झोपू देईना. पुढच्या जूनमध्ये मी राखेचे चार डबे जास्त नेले. ओढा ओलांडला, महाळुंगे काढलं, घोडनदी काढली, मंचर काढलं. पुणे थेट शाळेच्या कुंपणाबाहेर गेलं. मग सरकारकडून आलेला पृथ्वीगोल कपाटातून काढला. गुरुजी घाबरले, "बाई, डेडस्टॉकच्या वहीत नोंद हाय त्याची, सरकारी माल हाय. पोरांच्या हातात दिऊ नका." दिला. आठवड्यात ऑस्ट्रेलियापाशी पोचा पडला आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी मला लेखी खुलासा करायला लावला. त्या वर्षी आमची पोरं जी बोलायला लागली, तशी आधी कधी बोलली नव्हती. धाकटीला यातलं मी काहीच कळवलं नाही.

मुलगी तिकडंच वाढली. सातवीनंतर पुण्यातच दुसऱ्या शाळेत गेली, सुट्टीत यायची. धाकटीला पुढं मुलगा झाला, पण माझ्या मुलीची खोली तिनं कुणाला दिली नाही. बारावीनंतर वाटलं, आता ही आणखी लांब जाणार. तर तिनं अर्ज भरला अवसरी खुर्दच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला. नवीनच निघालं होतं. घरून येऊन-जाऊन करीन म्हणाली. जगभराचे नमस्कार शिकलेली माझी पोर बॅग घेऊन घरी परत आली, तेव्हा मी तिची कॉट खिडकीपाशी लावली. नवीन चादर आणली.

प्रवेश नक्की झाल्याचं कळलं तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. तिनं मोबाईल उचलला आणि काकीला फोन लावला. दोघी फोनवर ओरडल्या, हसल्या, इंग्रजीत काहीबाही बोलल्या. रविवारी धाकटी पेढे घेऊन आली. दिवसभर त्या दोघींचं ओट्यावर चाललं होतं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

ती गेल्यावर मुलगी आत आली. "आई, तुला काकी आवडत नाही का गं?"

"आवडते की."

"मग दिवसभर अशी का होतीस?"

मी गॅस बारीक केला. "तू तिला आधी फोन केलास."

ती माझ्याकडं बघतच राहिली आणि मग हसायला लागली. "अगं, तू तर इथंच होतीस ना!"

तिचं म्हणणं बरोबर होतं. मला काही ते पटलं नाही. मी तिला म्हटलं, ताटं घे, आजीला आधी वाढ.