परवानगीएवढाच आवाज

"पुढच्या गाण्यात बायको नवऱ्याला सोडून जाते. ज्यांना सोसणार नाही, त्यांनी गाणं संपेपर्यंत रेडिओ बंद ठेवावा." सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या जुन्या ब्लॉक्समध्ये, म्हणजे बहुमजली इमारतींमध्ये, टिपणीस काका रेडिओवरून असा इशारा द्यायचे, तोही बँकेतल्या खणखणीत इंग्रजीत. त्यांच्याकडे वाजायची ती फक्त जुनी अमेरिकन कंट्री गाणी. त्यांत कुणीतरी कुणाला सोडलेलं असायचं, नाहीतर कुणीतरी मेलेलं तरी असायचं. श्रोते म्हणजे आजूबाजूचे चिनी, मलाय, तमिळ म्हातारेकोतारे. इशारा मानून कुणी रेडिओ बंद केल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही.

मी तेव्हा बुओना व्हिस्टाच्या एका कंपनीत होतो. मराठी मंडळाच्या गणपतीत काकांशी ओळख झाली. नाव-गाव विचारायच्या आधी काकांनी विचारलं, "तुला सोल्डरिंग येतं का रे?" मी हो म्हणालो आणि फसलो. त्या शनिवारपासून ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या त्यांच्या छोट्याशा खोलीत वायरी जोडत बसलो. सरकारच्या परवानगीने प्रयोग म्हणून मिळालेलं ते छोटं रेडिओ स्टेशन होतं. आवाज मोजक्या ब्लॉक्सपर्यंत जायचा, रस्त्यापलीकडे नुसती खरखर.

सत्तरच्या दशकात काका इथे आले ते बँकेत हिशेबतपासनीस म्हणून. सुरुवातीला एकटेच होते. कुठल्याशा क्लबात ही गाणी ऐकली आणि पुन्हा नाट्यगीताकडे वळलेच नाहीत. मंडळातले लोक त्यांना 'काउबॉय' म्हणायचे. काकांना त्याचं काही नव्हतं. म्हणायचे, "आपण रडतो तेव्हा शेजारी तक्रार करतात. हे लोक गिटार घेऊन रडतात, मग तेच शेजारी टाळ्या वाजवतात." खोलीबाहेर चहा पीत बसणाऱ्या शेजारच्या रोझी आंटी काचेवर टकटक करून इथल्या ढंगात ओरडायच्या, "अंकल, टुडे सो सॅड लाह!" काका खूश व्हायचे. त्यांच्या लेखी ती दाद होती.

सगळ्यांत जुन्या श्रोत्या म्हणजे सुमनकाकू, त्यांची बायको. गाण्यांतलं त्यांना काही कळायचं नाही. वरच्या मजल्यावर उशाशी ट्रान्झिस्टर लावून त्या फक्त दोन गाण्यांमधलं काकांचं बोलणं ऐकायच्या आणि जेवताना चुका काढायच्या. मग त्यांना विसरायला होऊ लागलं. आधी गॅस विसरल्या, मग मुलाचं नाव. शेवटी काकूंना रस्त्यापलीकडच्या नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. ट्रान्झिस्टरही सोबत गेला. काकू त्याचं बटण फिरवत राहायच्या आणि खरखर ऐकून नर्सला विचारायच्या, "हे गेले का हो?"

काका रोज दुपारी त्यांच्यापाशी जाऊन बसायचे, पण समोरचा माणूस आणि रेडिओतला माणूस यांचा संबंध काकूंच्या डोक्यात तुटला होता. फोनवरून ऐकवून पाहिलं, तर म्हणाल्या, "हा लांबून बोलतोय." रेकॉर्डिंग लावलं, तर चिडून ढकलून दिलं. "हे कालचं आहे. आत्ताचं लावा." आत्ताचं म्हणजे नवरा आहे, खाली खोलीत बसून बडबडतोय, एवढंच त्यांना हवं होतं.

आमच्या ट्रान्समीटरच्या मागे ताकद वाढवायचा एक स्क्रू होता. तो मुद्दाम कमी ठेवलेला होता. मी मापं घेऊन पाहिली. जरासा पिळला असता, तर आवाज नर्सिंग होमपर्यंत सहज गेला असता. मी काकांना म्हणालो, "दिवसातून एखादा तास. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," काका म्हणाले. "परवानगी जेवढी, आवाज तेवढा. उद्या पकडलं तर स्टेशन बंद. माझ्या एका बायकोसाठी ह्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या खिडक्या मुक्या करू?"

त्यांनी ताकद वाढवून मिळावी म्हणून रीतसर अर्ज केला आणि वाट बघत राहिले. मला त्यांचा भयंकर राग यायचा. अजूनही कधीकधी येतो.

अर्जाचं उत्तर यायच्या आधी काकू गेल्या. गेल्या तेव्हा ट्रान्झिस्टर चालूच होता, असं नर्स म्हणाली. काकांनी ते ऐकून घेतलं आणि तिचे आभार मानले.

दिवसकार्य झाल्यावर काका खोलीत आले, पण माइकसमोर बसले नाहीत. माझ्याशेजारी स्टुलावर बसले. ट्रान्समीटरच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. मग हळूच म्हणाले, "काय रे, तो स्क्रू पिळला असता तर खरंच तिथवर पोहोचलं असतं?"

माझी मापं मला पाठ होती.

"नाही काका," मी म्हणालो. "मी नंतर नीट तपासलं. मध्ये ते कॉन्डोचे उंच नवीन टॉवर आहेत ना, आवाज अडलाच असता."

उभा जन्म दुसऱ्यांची लबाडी पकडून पगार घेतलेल्या त्या माणसाने माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं."