बॅटरीवरचं कुंकू

गडावर मुक्काम करायला माझा विरोध होता. आईचं डायलिसिस नाशिकला होतं, आणि दोन खेपांच्या मधे तिला शहराबाहेर नेणं मला धोक्याचं वाटत होतं. पण सप्तशृंगी आमची कुलदेवता, आणि आजारपण सुरू झाल्यापासून आईला दर्शन घडलं नव्हतं. डॉक्टरांनी एका रात्रीची मुभा दिली ती एका अटीवर: दुसऱ्या दिवशीची खेप चुकवायची नाही. आधीच तिच्या पायांवर सूज होती, धाप लागत होती. मला स्वतःला देवीकडे काही मागायचं नव्हतं. आईचं मन मोडायचं नाही, एवढीच माझी श्रद्धा.

दर्शन छान झालं. सकाळी मात्र गाडी सुरू होईना. डिसेंबरातली गडावरची थंडी नाशिककरालाही सोसत नाही. काचेवर दव गोठल्यासारखं झालं होतं. किल्ली फिरवली की नुसता टक् टक् आवाज यायचा आणि समोरचे दिवे विझायचे. किल्ली सोडली की दिवे पुन्हा लख्ख. मी फिरवत राहिलो. मागच्या सीटवर आई शालीत गुंडाळून बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

गॅरेजवाल्याला फोन लावला, तर माणूस वर यायला दुपार होईल म्हणाला. दुसरी गाडी शोधायला आईला थंडीत उभं करणं मला नको होतं. आमची गाडी उतारावर, घाटाच्या तोंडाशी उभी होती. गिअरमध्ये टाकून उतारावर सोडली तर सुरू होईल, असा हिशेब मी केला. आईला म्हणालो, "देवीचं नाव घे." हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघत होते. हँडब्रेक खाली केला. गाडी जेमतेम हलली असेल, तेवढ्यात एक बाई रस्त्यावरून पुढे आल्या आणि त्यांनी बॉनेटवर हात आपटला.

"ब्रेक लावा भाऊ. बंद गाडी घाटात सोडू नका. इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो, स्टिअरिंगही. पहिल्या वळणालाच कळेल."

मी हँडब्रेक ओढला. त्यांनी एक दगड चाकाखाली सरकवला आणि मगच नमस्कार केला. सटाण्याकडच्या होत्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. पहाटेच्या एसटीनेच उतरणार होत्या, पण यजमानांचा मफलर धर्मशाळेत राहिला म्हणून त्यांना परत फिरावं लागलं होतं. तो मफलर गुंडाळलेले यजमान मागे उभे होते. बाईंनी बॉनेट उघडायला सांगितलं तसे ते अहिराणीत म्हणाले, "दर्शनले उनी तू, का शाळा लेवाले?" बाईंनी मागे न बघता त्यांच्या हातात आपली पिशवी दिली.

त्यांनी मला पुन्हा किल्ली फिरवायला लावली आणि मग बॅटरीच्या टोकांजवळ बोटं नेली. एक टोक गार होतं, दुसरं कोमट. बॅटरी पार उतरली असती तर किल्ली सोडल्यावर दिवे इतके लख्ख पेटले नसते, असं त्या म्हणाल्या. वीज आहे, पण त्या कोमट जोडाशी अडते आहे. थंडीत इंजिन जड होतं, जास्त वीज मागतं, म्हणून आज उघडं पडलं. शेजारच्या जीपवाल्याकडून पाना आला. जोड सोडवला तर आत हिरवट पांढरी भुकटी जमलेली, आणि तिच्या खाली लालसर थर. त्यांनी तो नखाने खरवडला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कुंकू आहे हे."

मागून आईचा आवाज आला. दसऱ्याला तिनेच बॉनेट उघडायला लावून पूजा केली होती. ताट मी धरलं होतं. हळद, कुंकू, पंचामृत, वर गंगेचं पाणी. मला वाटलं होतं, तिला कुठे काय वाहायचं ते कळलं नाही. आता ती म्हणाली, "मुद्दामच वाहिलं मी. गाडीचा जीव तिथे असतो ना. ही गाडी मला दवाखान्यात नेते, म्हणून मी आहे."

बाई खिडकीशी गेल्या, आईचे गार हात त्यांनी हातात घेतले.

"मावशी, पुढच्या वेळी कुंकू बॉनेटला लावा. बॅटरीला लांबून नमस्कार केला तरी पोचतो."

आई हसली. त्या सकाळी पहिल्यांदाच.

भज्यांच्या टपरीवरून गरम पाणी आणि खायचा सोडा मिळाला. माझ्या दात घासायच्या ब्रशने बाईंनी जोड घासला. फेस आला आणि भुकटी वाहून गेली. यजमानांनी मफलर सोडून पुढे केला, त्याने जोड कोरडा केला. घट्ट आवळून वर आईच्या पर्समधलं व्हॅसलिन लावलं. किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. बाईंना खाली सोडतो म्हणालो, पण त्यांना कळसाचं दर्शन आणखी एकदा घ्यायचं होतं.

घाटात धुकं होतं. दुसऱ्या वळणापलीकडे चाऱ्याने भरलेला ट्रॅक्टर बंद पडून आडवा उभा होता. तो दिसला तेव्हा फार जवळ आला होता. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली. आईने हात जोडले. ट्रॅक्टर बाजूला घेतल्यावर आम्ही खाली उतरलो. खेप वेळेवर झाली.

तो मफलर देवीनेच मागे ठेवला का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. तो राहिला, एवढीच नोंद माझ्याकडे आहे. पण ब्रेक सोडून 'देवीचं नाव घे' म्हणणं म्हणजे शरण जाणं नव्हे, हे मला कळलं. ती माझी घाई होती. मी खरा शरण गेलो तो कोणी थांब म्हटल्यावर थांबलो तेव्हा.

यंदाच्या दसऱ्याला आईने बॉनेटला कुंकू लावलं, मग ते उघडायला सांगितलं. लांबूनच तिने बॅटरीला नमस्कार केला. तिच्या ताटात या वेळी फुलांशेजारी एक जुना ब्रश होता आणि वाटीत सोड्याचं पाणी. ती वाटी तिने माझ्या हातात दिली.

"आता तुझी पूजा," ती म्हणाली.

मी चपला काढल्या आणि कामाला लागलो.