कमरेएवढी शेगडी

लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि सासरी मी एकदाही गरम भाजलेला मासा खाल्ला नव्हता. नातींना हे सांगितलं की हसतात. हसू देत. शेगडी कोणती घ्यायची यावरून मी अख्खा ऊसतोडीचा हंगाम घरात भांडले, ते या एका गोष्टीसाठी, म्हणून आधी तेच सांगितलं.

बेटावरच्या ब्रीझे वेर्दिएर गावातल्या आमच्या घरात देव स्वयंपाकघरातच होते, त्यामुळे मासळी आत शिजत नसे. रविवारी परसात, लॉरीच्या चाकाची लोखंडी रिंग तीन दगडांवर ठेवून, तिच्यात कोळसे घालून मासा भाजायचे. भाजायचे म्हणजे पुरुष. खवले मी काढायचे, मसाला मी वाटायचा, लावायचा मी. मग आमचे हे आणि धाकटे भावजी रिंगेपाशी उकिडवे बसायचे, रमचे ग्लास शेजारी, आणि “शिजला का बघू” म्हणत पहिला तुकडा तिथेच तोंडात. एकदा बघून समाधान कसं होणार? परत बघायचे. माझ्या आणि सासूबाईंच्या पानात यायचा तो शेपटीकडचा, गारढोण, चपलेच्या पट्ट्यासारखा.

ती रिंग एकदाची गंजून फुटली. मला बरंच वाटलं.

भावजींनी सांत्र द फ्लाकच्या बाजारात एका दुकानात विजेचं ग्रिल बघून ठेवलं होतं. एकोणीसशे ऐंशीच्या पुढचे ते दिवस, ज्याच्या त्याच्या घरी बटणाची एक तरी वस्तू हवी होती.

“धूर नाही, राख नाही, वहिनी. टेबलावर ठेवायचं, बटण दाबायचं.”

“बटण कोण दाबणार?”

“तुम्हीच की.”

“म्हणजे मी आत भाजणार आणि तुम्ही बाहेर बसून खाणार.”

तेवढ्यात सासूबाई बोलल्या, “देवासमोर मासळी? मी मेल्यावर करा.” ग्रिलचा विषय तिथेच संपला.

यांचं मत सोपं होतं. जगात लॉऱ्या आहेत तोवर रिंगा आहेत. मी म्हटलं, रिंग नको. मला अर्ध्या ड्रमची शेगडी हवी, पाय लावलेली, उभं राहून भाजता येईल अशी. हे म्हणाले, “बरं. वेल्डरला माझं माप देतो.” हे अंगानं ताडमाड, मी त्यांच्या काखेखाली मावते.

“तुम्ही नका त्रास घेऊ,” मी म्हटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी वेल्डरकडे मीच गेले. त्यानं विचारलं, “मादाम, पाय किती उंच ठेवू?” मी पायासाठीची सळई जमिनीवर उभी धरली आणि कमरेपाशी बोट ठेवलं.

“एवढ्या ठेंगण्या शेगडीवर पुरुषाची पाठ मोडेल.”

“कापा.”

आणायला घरचं कुणी आलं नाही. मग काय, बसनं आणली. कंडक्टर म्हणाला, “तिकीट कुणाचं काढू, तुमचं की हिचं?” म्हटलं, तिला बसव, मी उभी राहते. अख्खी बस हसली, पण दोघांनी उतरवायला हात दिला. घरी आल्यावर आधी दोन दिवस नुसताच जाळ केला, ड्रमचा तेलकट वास जाईपर्यंत.

रविवारी कापितेन मासा आणला होता. यांनी चिमटा घेतला. वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले, कमरेवर हात ठेवला.

“हे काय माप आहे?”

“माझं.”

“मग तूच भाज,” म्हणून चिमटा टाकला. भावजी ग्लासातून हसले. “वहिनी, हौसेनं काम वाढवून घेतलंत.”

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग माशाची पोटाकडची बाजू तडतडायला लागली. मी एक तुकडा मोडला आणि सगळ्यांसमोर, उभ्याउभ्या, तोंडात टाकला. जीभ भाजली.

“शिजला का?” यांनी विचारलं.

“बघते,” म्हटलं, आणि दुसरा घेतला.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. त्या उठून शेगडीपाशी आल्या आणि हात पुढे केला. मी केळीच्या पानाच्या तुकड्यावर एक घास दिला. त्यांनी फुंकर घातली, सावकाश चावला. पन्नास वर्षं त्या घरात काढलेली बाई ती.

“मीठ कमी आहे,” म्हणाल्या. हात तसाच पुढे होता.

पुरुषांना त्या दिवशी पाचव्या तुकड्यापासून मिळालं. शेगडीला उंच पाय लावू या, असं हे पुढे कितीदा तरी म्हणाले. लावू दिले नाहीत.