चरबी गेली कुठं?

थोरल्या भावाचं यकृत निकामी झालं आणि माझ्या यकृताचा तुकडा त्याला चालेल असं ठरलं. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. मग माझ्याच यकृतावर चरबी निघाली. "हळूहळू वजन उतरवा, मग पुन्हा बघू," डॉक्टर म्हणाले. हळूहळू! दादाचे डोळे दिवसेंदिवस पिवळे होत चाललेले, आणि मी हळूहळू.

मी बोईसरला एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. पावडरचा नमुना तोलायचा, ओव्हनमध्ये ठेवायचा, पुन्हा तोलायचा. वजन घटलं की किती पाणी उडालं ते कळतं. तोच कायदा मी स्वतःलाही लावला. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमधल्या ड्रम तोलायच्या काट्यावर जाऊन उभी राहायचे. रिकाम्या ड्रमचं वजन वजा करायची सवय असलेला स्टोअरवाला दात काढायचा, "मॅडम, खाली ड्रम का वजन घटाऊँ क्या?"

मला धीर कुठला! रात्रीचं जेवण बंद केलं, दिवसभर चहावर राहिले. काटा भराभर उतरला तशी मी हरखून डॉक्टरांना फोन केला, तर ते भडकलेच. असं उपाशी राहिलं की अंगातली चरबी सुटून उलट यकृताकडेच धावते, आणि एवढ्यात उतरलं ते बरंचसं पाणीच, म्हणाले. पाणी उडालं आणि मी खूश! लॅबमध्ये नव्या आलेल्या मुलींना रोज जे शिकवते, तिथंच स्वतः आपटले.

मग मुकाट्याने दोन्ही वेळा जेवू लागले, भात आवरता घेतला आणि सकाळी घराजवळ, कोळगावच्या सरकारी कचेऱ्यांपुढच्या रुंद रस्त्यांवर चालायला लागले. पाय चालायचे आणि डोक्यात एकच भुंगा. कारखान्यात माल घटला तर तो सांडपाण्यात गेला की वाफेत, याचा जाब द्यावा लागतो. माझी चरबी जाते कुठं? घामात? डॉक्टर म्हणाले, बहुतेक श्वासातून. ती अंगात जळते आणि तिचा वायू होऊन नाकातोंडावाटे निघून जातो. मला काही पटेना. बरं, जाते तर जाते, पण आधी कुठली जाते, हे कोण ठरवतं? पोट होतं तिथंच होतं. सातपाटीहून बोंबील घेऊन येणारी मावशी दारात टोपली उतरवता उतरवता थबकली. "ताई, गाल पार बसलं तुजं. बरी हाय ना? कुनाला तरी दाखव."

मी उगाच तिच्यावर खेकसले. गालांचं काय लोणचं घालायचं होतं मला?

त्यात दादाचा वेगळाच हट्ट. वारा सोसत नाही म्हणून तो खिडकी लावून पडून असायचा. कामावरून आले की मी त्याच्या उशाशी बसायचे आणि ऑपरेशनचं बोलायचे. "माझ्यापायी तुझ्या पोटाला सुरी लागायची नाही," एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. मी भांडायचे, समजवायचे, पुन्हा भांडायचे. इतकं बोलून बोलून मला धाप लागायची.

पुन्हा तपासणी झाली. यकृत साफ निघालं, पोट मात्र जिथल्या तिथं. पोटाचं कुणाला पडलंय! दवाखान्याच्या जिन्यातच मला आनंदाने रडू फुटलं.

घरी येऊन दादाला सांगितलं. त्याने माझ्या बसलेल्या गालांकडे बघितलं.

"मग एवढी चरबी गेली कुठं गं?"

"श्वासातून जाते म्हणे. रोज इथं बसून तुझ्याशी भांडत होते ना, बरीचशी इथंच गेली असेल."

त्याने खोलीभर नजर फिरवली. "खिडकी उघड मग. नाहीतर मीच जाडा व्हायचो."

मी खिडकी उघडली. बाहेर बघत, पाठमोरीच, ऑपरेशनची तारीख सांगितली आणि त्याच्या 'नाही'ची वाट बघत उभी राहिले. मागून आवाज आला, "दवाखान्यात डबा कोण आणणार आपल्या दोघांचा?"