मनोरा बंद झाल्याचं आम्हाला कळलं नाही

आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, अँटेना होता. त्याचं तोंड घाटावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याकडे. आमचं गाव मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. मनोरा वर. धाब्यावर उभं राहिलं तरी दिसत नाही, मधे डोंगराची सोंड येते. म्हणून चित्रही कधी सरळ आलं नाही. वारा सुटला की लोखंडी पाइप बोटभर फिरे आणि पडद्यावर मुंग्या. शेजारच्या कडुलिंबाला पाला फुटला की मुंग्या. आमच्या घरात टीव्ही पाहायला दोन माणसं लागत. एक वर पाइप फिरवायला, एक आत चित्र पाहायला. वरचा मी. आतली माझी बायको. ती गेली त्याला आता दुसरं वर्ष लागलं.

टीव्ही आणला तो बीटी कपाशीच्या सुरुवातीच्या वर्षांत. तेव्हा बोंडं अशी लागायची की झाड वाकून जमिनीला टेके. बोंडअळी नावाचं काही असतं हे आम्ही विसरूनच गेलो. फवाऱ्याच्या पंपात पालींनी अंडी घातली. सगळ्या गावाला वाटलं, आता हे असंच चालणार.

माझा बाप तेव्हा होता. दिवसभर ओट्यावर बसे. सासऱ्यासमोर सुनेनं मोठ्यानं बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पहिल्या दिवशी मी वर पाइप फिरवतो आहे, फिरवतो आहे, आणि खालून आवाजच नाही. उतरून पाहिलं तर चित्र येऊन गेलेलं.

"काऊन सांगतलं नाई वं?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळू म्हणाली, "बाबा बसले ना बाहेर. वरडू काय मी?"

दुसऱ्या दिवशी तिनं जेवायची थाळी घेतली आणि पळी. हळूहळू ठोके म्हणजे अजून फिरवा. भराभर ठोके म्हणजे जवळ आलं. एकच जोराचा ठोका म्हणजे थांबा, आता हलू नका. हे तिनंच ठरवलं. मला एकदा सांगितलं, परत सांगायची गरज पडली नाही. बाप ओट्यावरून म्हणाला, "सूनबाई, गाडी आली काय व ठेसनात?" पण म्हणताना हसला. आणि शेजारी, ज्याचं वावर माझ्या वावराला लागून आहे, तो खालून ओरडायचा, "काय बे, धाब्यावर पाखरं हाकलून राह्यला काय?"

बाप पुढं वारला. ओट्यावर कोणी राहिलं नाही, तरी ती थाळीच वाजवायची. मीही कधी म्हटलं नाही की आता ओरड.

तिला मालिकांचं फार नव्हतं. तिला संध्याकाळी साडेसहाचा शेतीचा कार्यक्रम पाहिजे असे. ती चौथी शिकलेली, मी दुसरी. साडेसहाच्या आत ती हात धुऊन टीव्हीसमोर बसायची. वारा असला की मला तो अर्धा तास वरच बसावं लागे, पाइपाला हात लावून, विडी ओढत. म्हणजे ज्या कार्यक्रमासाठी मी इतकी वर्षं धाब्यावर चढलो, तो मी कधी पाहिलाच नाही. ती पाहायची आणि जेवायला वाढताना सांगायची. गाईला काय चारावं, तुरीचा शेंडा कधी खुडावा. मी हूं हूं करायचो आणि भाकर मोडायचो.

एका वर्षी मृगाच्या तोंडावर आम्ही चार-पाच जण ओट्यावर बसलो होतो. बीटीच्या पिशव्या समोर. त्या प्रत्येक पिशवीत एक लहान थैली यायची, साध्या कपाशीच्या बियाण्याची. ती कोणी पेरत नसे. कोणी न उगवलेल्या जागी टोबायला ठेवी, बाकी सगळे बांधावर फेकून देत. आम्हाला वाटायचं, कंपनीनं वजन भरायला टाकली असेल. ती चहा घेऊन बाहेर आली. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "ते लहान थैलीचं बी फेकू नका म्हणते. वावराच्या चारी बाजूनं पाच ओळी पेरा म्हणते. साध्या कपाशीवर अळी राह्यते, मंग बीटीवरची माजत नाई."

चार माणसांसमोर बायको शेतीचं सांगते, हे मला झोंबलं. मी म्हणालो, "हे पाहा, टीव्ही पाहून आता बाई शेती शिकवते. उद्यापासून मी चुलीपाशी बसतो, तू वखर हाण."

सगळे हसले. शेजारी तर मांडीवर हात मारून हसला. ती कपबशा गोळा करून आत गेली. मी थैली उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी बांधाकडं भिरकावली.

त्या दिवसापासून तिनं जेवताना सांगायचं बंद केलं. मला ते कळलंसुद्धा नाही. जेवताना कोणी बोललं नाही तर पुरुषाला बरंच वाटतं. मी पाइप फिरवत राहिलो, ती थाळी वाजवत राहिली. घर चालू होतं.

मग ते वर्ष आलं. गुलाबी अळीचं. बोंड बाहेरून हिरवं, धडधाकट. अंगठ्यानं फोडलं की आत अळी, भाताच्या शिताएवढी, सरकी खाऊन बसलेली. कापूस उमलेचना. उमलला तो पिवळा, चिकटलेला. त्याला आमच्याकडं कवडी म्हणतात. वेचायला बाया मिळेनात. एक बाई मला तोंडावर म्हणाली, "भाऊ, हे वेचण्यापरीस नखं मोडलेली बरी." जिथं पाच वेचे निघायचे तिथं दुसऱ्या वेच्याला वावर रिकामं. शेजाऱ्यानं उभ्या पिकात ढोरं सोडली आणि बांधावर पाठ फिरवून बसला. त्या हिवाळ्यात आमच्या गावात कोणी मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नाही.

मी एकट्यानं पाच ओळी पेरल्या असत्या तर अळी आली नसती, असं मी म्हणत नाही. साऱ्या तालुक्यानं थैल्या फेकल्या होत्या. पण मी रोज वाट पाहायचो की ही कधी म्हणते, मी सांगतलं होतं. ती म्हणाली नाही. माझ्या शेजारच्या ओळीत वाकून नखानं कवडी उकरत राहिली. म्हणाली असती तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

त्यानंतर साडेसहाला तिनं बोलवायची वाट न पाहता मी आपणहून वर चढायला लागलो. मला वाटायचं, ती समजते. चुकलं असं तोंडानं म्हणायलाच कशाला पाहिजे? माणूस स्वतःची समजूत अशी घालतो.

पुढं दोन-तीन वर्षांनी एक दिवस ती म्हणाली, "चित्राच्या खाली काही लिहून येते. पळते लय. एका खेपेले एकच शब्द वाचणं होते."

"काय वाचलं?"

"परवा 'प्रेक्षकांना' वाचलं. काल 'कळविण्यात' वाचलं. आज 'पासून'."

"काय पासून?"

"ते अजून नाई वाचलं."

मी म्हणालो, "खालचं काय वाचत बसते? वरचं पाहा." झालं. तिनं पुढचे शब्द वाचले की नाही, मला माहीत नाही. मला सांगितले नाहीत.

चार दिवसांनी मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. मी वर चढलो. थोडा इकडं, थोडा तिकडं. खालून हळूहळू ठोके. मग सबंध गोल फिरवला, घाटाकडून पार पूर्णा नदीकडं आणि परत. ठोके तसेच. दुसऱ्या दिवशी तार बदलली. तिसऱ्या दिवशी बूस्टर नवा आणला. चौथ्या दिवशी कडुलिंबाच्या तीन फांद्या तोडल्या, शेजाऱ्याशी भांडण झालं. पाचव्या दिवशी पाइपाला खाली अजून एक पाइप जोडून उंच केला. माझं वय झालेलं, गुडघे धरलेले, शिडीवर पाय लटपटत. तरी ती थाळी घेऊन बसलेली आणि मी वर. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी मोताळ्याहून मिस्त्रीला आणलं. जुना ओळखीचा माणूस, बाप-दादापासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्यानं धाब्यावर न चढता खालूनच पाहिलं.

"भाऊ, तुमचा अँटेना एकदम बढिया हाय. मनोराच बंद झाला ना."

"कव्हा?"

"आठ-दहा दिवस झाले. आता सगळं डिजिटल झालं. डिशची छत्री लावा. महिनाभर खाली पट्टी देऊन राह्यले होते, वाचली नाई काय?"

मी बायकोकडं पाहिलं. तिच्या हातात पळी होती. ती हसायला लागली. पदर तोंडाला लावला, तरी थांबेना. मिस्त्री हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. आठ दिवस मी जिथं काहीच नव्हतं तिकडं तोंड करून पाइप फिरवला होता.

मिस्त्री गेल्यावर मी ओट्यावर बसलो. म्हणालो, "ते थैलीचंही तुझं खरं होतं."

किती वर्षांनी म्हणालो ते मोजायची मला लाज वाटते. ती माझ्याजवळ बसली.

"थैलीचं जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्ही एकट्यानं पेरून काय झालं असतं? मले थैलीचं वाईट नाई वाटलं. चार माणसांत म्हटलं ना तुम्ही. तव्हापासून मी सांगणं सोडलं."

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मी वर बसून जे चित्र धरत होतो ते तिच्यापर्यंत जात होतं आणि तिथंच थांबत होतं.

मी विचारलं, "काय काय पाह्यलं मंग?"

"लय काही. आता कुठून सांगू?"

"रोज एक सांग."

"रोज एक!" ती म्हणाली. "पोथी आहे काय?" पण तिला बरं वाटलं, मला दिसलं.

पोळ्याच्या आधी छत्री लावली. छत्रीला फिरवायला माणूस लागत नाही. साडेसहाला मी पहिल्यांदा तिच्या शेजारी बसून तो कार्यक्रम पाहिला. चित्र काचेसारखं. पोरगा पुण्याला, पोरगी सासरी, घरात आम्ही दोघंच. ती कधी कार्यक्रम चालू असताना मधेच म्हणायची, हे मागं एकदा सांगतलं होतं, पण तव्हा वेगळं सांगतलं होतं. मग ते वेगळं काय ते सांगायची. रोज एक काही झालं नाही. कधी कामात, कधी तिला आठवायचं नाही, कधी मीच डुलकी घ्यायचो. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचताना तिनं सांगितलं की हंगाम संपला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, वावरात ठेवू नये. आपण शेवटची बोंडं निघतील म्हणून फाल्गुनापर्यंत उभी ठेवतो, अळी त्यातच झोपून राहते आणि पुढच्या वर्षी उठते. पौषाच्या आत उपटा म्हणते. मी म्हणालो, उपटू.

मार्गशीर्षात वेचणी चालू असताना तिला ताप आला. डोळे पिवळे झाले. मोताळ्याला नेलं, तिथून बुलढाण्याला नेलं. सहाव्या दिवशी गेली. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले, पोरगा म्हणाला पुण्याला चला. मी म्हणालो, वावरात काम आहे. दुसऱ्या दिवशी झाडं मुळासकट उपटायचा लोखंडी चिमटा घेऊन वावरात गेलो आणि पऱ्हाटी उपटायला लागलो. झाडांना बोंडं होती अजून.

शेजारी बांधावर आला. रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं थांबले.

"काऊन बे," तो म्हणाला, "अजून एक-दोन वेचे निघतात ना यातून. डोकं फिरलं काय तुयं?"

मी सरळ उभा राहिलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तिनं टीव्हीवर पाह्यलं होतं. पऱ्हाटीत अळी झोपते. पौषाच्या आत उपटा म्हणत होती."

मी त्यांच्या हसण्याची वाट पाहिली. हसलं कोणी नाही. शेजाऱ्यानं हात पुढं करून एक बोंड तोडलं, अंगठ्यानं फोडलं, आत पाहिलं आणि फेकलं. मग बांधावर बसला. आम्ही एकाच शाळेत दुसरीपर्यंत होतो, पण इतक्या हळू आवाजात त्याला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"आणखी काय पाह्यलं होतं वहिनीनं?"

मी अळीचे पतंग पकडायच्या कामगंध सापळ्याचं सांगितलं, तो केव्हा लावायचा ते. गळलेली बोंडं वेचून जाळायचं सांगितलं. तुरीच्या शेंड्याचं सांगितलं, ते फार जुनं होतं, थैलीच्या आधीचं. तो ऐकत होता. रस्त्यावरचेही बांधापर्यंत आले होते.

"अजून?"

मी आठवून पाहिलं. ती बोलायची बंद झाली त्या दिवसापासून छत्री लागली त्या दिवसापर्यंत, रोज साडेसहाला अर्धा तास. त्यातलं माझ्याजवळ काहीच नव्हतं.

"अजून तिले माहीत," मी म्हणालो आणि खाली वाकून पुढच्या झाडाला चिमटा लावला.